पाण्यातील अब्जांश कार्बन आणि जलचरांचे जीवित

प्रास्ताविक

चंदीगढ शहराच्या ईशान्येस, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, सुखना नावाचे सरोवर आहे. टेकड्यांवरून पावसाळ्यात वाहत येणाऱ्या सुखना चो या ओढ्याला बांध घालून ते १९५८ साली निर्माण करण्यात आले. ‘चो’ या शब्दाचा त्या प्रदेशातील अर्थच मुळी पावसाळी ओढा असा आहे. सरोवराच्या नजीक, किशनगढ गावाच्या बाजूस, चंदीगढचे तंत्रज्ञान उद्यान उभे आहे. लोक त्यास ‘आयटी पार्क’ या नावानेच ओळखतात. एकीकडे हिवाळ्यात परदेशी बदके उतरतात असे पाणी आणि दुसरीकडे संगणकांनी भरलेल्या इमारती, अशी ही शेजारशेजारची वस्ती आहे. बांधाच्या खाली सुखना चो शहराच्या कडेने पुढे जातो आणि घग्गर नदीस मिळतो. घग्गर मात्र समुद्रापर्यंत पोहोचत नाही; राजस्थानच्या वाळूत ती लुप्त होते.

ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. समुद्रास मिळणारी नदी आपल्याबरोबर आलेले द्रव्य अखेर समुद्राच्या स्वाधीन करते. जी नदी वाटेतच संपते तिच्या पाण्यात पडलेले न विरघळणारे द्रव्य जाणार कोठे? ते वाटेवरच्या गाळात राहणार, हे उघड आहे.

संगणक, भ्रमणध्वनी व विजेच्या घटमाला यांच्या बांधणीत अलीकडे कार्बनच्या अतिसूक्ष्म रूपांचा उपयोग होऊ लागला आहे. लिथियमच्या घटांत विद्युत्प्रवाह सुलभ व्हावा म्हणून कार्बनच्या नलिका मिसळतात. ज्या कार्यालयात अशी यंत्रे नुसती वापरली जातात, तेथून हे द्रव्य ओढ्यात वाहते असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु प्रत्येक यंत्र केव्हा ना केव्हा निकामी होते, आणि निकामी वस्तूचे पुढे काय होते यावर पाण्याचे भवितव्य अवलंबून असते. चंदीगढच्या शेजारी मोहाली येथे २०१३ साली नॅनो विज्ञान व तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली आहे. अशा परिसरातील विद्यार्थ्याच्या मनात सहजच एक प्रश्न उभा राहील: हे नवे कार्बन पाण्यात गेले, तर त्यात राहणाऱ्या जीवांना अपाय होईल काय? या पाठात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. अब्जांश म्हणजे किती?

एका मीटरचे शंभर कोटी, म्हणजे एक अब्ज, समान भाग केले तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. आपण त्यास अब्जांश मीटर म्हणू. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर भरते. ज्या पदार्थाचे निदान एक माप १ ते १०० नॅनोमीटरांच्या दरम्यान असते, त्यास नॅनो पदार्थ अशी संज्ञा आहे.

कार्बन हे मूलद्रव्य आपल्या नित्य परिचयाचे आहे. कोळसा, काजळी, पेन्सिलीतील शिसे म्हणून ओळखले जाणारे ग्रॅफाइट आणि हिरा ही सर्व त्याचीच रूपे होत. या जुन्या रूपांत गेल्या काही दशकांत तीन नव्या रूपांची भर पडली.

पहिले रूप फुलरिन. १९८५ साली क्रोटो, कर्ल व स्मॉली यांनी ते शोधून काढले. साठ कार्बन अणू चेंडूच्या शिवणीप्रमाणे जोडले जाऊन सुमारे ०.७ नॅनोमीटर व्यासाचा पोकळ गोल तयार होतो. या शोधाबद्दल तिघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे रूप कार्बन नलिका. जपानचे इजिमा यांनी १९९१ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केल्यापासून जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले. ग्रॅफाइटच्या पापुद्र्याची सुरळी करावी तशी त्यांची रचना असते. एकाच भिंतीच्या नलिकेची जाडी एक-दोन नॅनोमीटर असते. लांबी मात्र तिच्या हजारो पट असू शकते. तिसरे रूप ग्राफिन, म्हणजे ग्रॅफाइटचा केवळ एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. तो २००४ साली गाइम व नोवोसेलोव्ह यांनी वेगळा केला, आणि २०१० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

आपल्याकडेही या विषयाचा अभ्यास झाला आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत महेश्वर शरोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी देवघरातल्या कापरापासून कार्बनची अशी सूक्ष्म रूपे तयार केली.

पदार्थ बारीक केल्याने त्यात एवढे काय बदलते, अशी शंका येईल. तिचे उत्तर साध्या गणिताने मिळते. एक सेंटीमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर भरते. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, असे कल्पिले, तर सर्व तुकड्यांचे एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होईल. वजन तेवढेच राहिले. परंतु बाहेरच्या जगाशी संबंध येणारी जागा एक कोटी पटींनी वाढली. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्याने, जो कार्बन कोळशाच्या रूपात निरुपद्रवी असतो, तोच अब्जांश रूपात कसा वागेल हे आधी सांगता येत नाही. ते तपासूनच पाहावे लागते.

२. काजळीचा प्रयोग

हे कण पाण्यात गेल्यावर काय होते, याची कल्पना घरी करता येण्याजोग्या एका प्रयोगावरून येईल. तेलाच्या दिव्यावर थोडा वेळ धातूची ताटली धरून काजळी जमवावी. हे काम वडील माणसांच्या देखरेखीखाली करावे. जमलेली काजळी दोन सारख्या वाट्यांत घ्यावी. पहिली काजळी तशीच पेलाभर पाण्यावर टाकावी. ती भिजत नाही. पृष्ठभागावर तरंगते, आणि ढवळली तरी तिच्या गुठळ्या होतात. दुसरी काजळी खलात घेऊन डिंकाच्या पाण्यात चांगली घोटावी आणि मग पाण्यात सोडावी. या खेपेस सर्व पाणी सारखे काळे होते आणि काळेपणा पुष्कळ काळ टिकतो.

दुसऱ्या पेल्यात तयार झाली ती आपली जुनी शाई होय. पोथ्या लिहिणारे लेखक काजळी व डिंक घोटूनच शाई करीत असत. डिंकाचे रेणू काजळीच्या कणांवर बसतात आणि कणांना एकमेकांस चिकटू देत नाहीत, म्हणून कण पाण्यात तरंगत राहतात.

नदीतही हेच घडते. शुद्ध पाण्यात कार्बन नलिकांच्या गुठळ्या होऊन त्या तळाशी बसतात. पाण्यात क्षार अधिक असले, विशेषतः कॅल्शियमसारखे, तर ही क्रिया अधिक लवकर होते. परंतु कुजलेल्या पानांपासून व मातीपासून निघणारी सेंद्रिय द्रव्ये डिंकाचे काम करतात. अमेरिकेतील सुवानी नदीच्या सेंद्रिय द्रव्यांत कार्बन नलिका चांगल्या तरंगत राहतात, असे संशोधकांना २००७ साली आढळून आले. यावरून असे दिसते की, ‘पाण्यातील कार्बन’ ही एकच एक वस्तू नव्हे. प्रत्येक पाण्यात तिचे रूप निराळे असते, आणि म्हणून तिचा परिणामही निराळा असण्याचा संभव आहे.

३. एका प्रयोगाची कथा

२००४ हे वर्ष या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी बनारस हिंदू विश्वविद्यालयातील श्रीवास्तव आणि अमेरिकेतील अजयन व त्यांचे सहकारी यांनी कार्बन नलिकांची गाळणी तयार केली, आणि तिच्यातून गाळलेल्या पाण्यातील रोगजंतू व पोलिओचे विषाणू अडवले जातात असे दाखवून दिले. त्याच वर्षी अमेरिकेतील टेक्सास राज्यात इव्हा ओबरडॉर्स्टर यांनी बास जातीच्या लहान माशांना फुलरिन मिसळलेल्या पाण्यात ४८ तास ठेवले. फुलरिनचे प्रमाण दहा लाख भागांत अर्धा भाग, म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम, एवढेच होते. मासे मेले नाहीत. परंतु त्यांच्या मेंदूतील मेदद्रव्यांचे ऑक्सिडीकरण झाल्याची चिन्हे दिसली. तेल जुने झाले म्हणजे खवट होते. तशाच प्रकारची ही क्रिया आहे.

जो कार्बन पाणी शुद्ध करतो, तोच माशाच्या मेंदूस इजा करतो, असा या दोन वार्तांचा एकत्र अर्थ लावणे सोपे होते. तथापि विज्ञानात एका प्रयोगावर निकाल होत नाही. फुलरिन पाण्यात सहज मिसळत नाही. त्या काळी पुष्कळ प्रयोगशाळांत ते प्रथम टेट्राहायड्रोफ्युरान नावाच्या विद्रावकात विरघळवीत, मग पाण्यात घालीत, आणि नंतर विद्रावक उडवून लावीत. बास माशांवरील प्रयोगातही हाच विद्रावक वापरला होता. विद्रावक खरोखर पूर्णपणे उडून जातो काय, ही शंका काहींच्या मनात आली.

अमेरिकेतीलच टेनेसी येथील हेन्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली या शंकेची परीक्षा केली. त्यांनी झेब्रा माशाची पिले घेतली. हा पट्ट्यापट्ट्यांचा चिमुकला मासा मूळचा आपल्याकडचा आहे. गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे प्रथम वर्णन केले, आणि आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. हेन्री यांनी पिलांचे निरनिराळे गट केले. एका गटास विद्रावकाच्या मार्गाने केलेले फुलरिनचे पाणी दिले. दुसऱ्यास फुलरिन नुसत्या पाण्यात दीर्घकाळ ढवळून केलेले पाणी दिले. तिसऱ्यास फुलरिन मुळीच नसलेले, परंतु विद्रावकाची तीच प्रक्रिया केलेले पाणी दिले. निकाल बोलका होता. पहिल्या व तिसऱ्या गटांत पिलांचे मरण वाढले. दुसऱ्या गटात वाढले नाही. दोष फुलरिनचा नसून विद्रावकाच्या विघटनाने झालेल्या द्रव्यांचा होता, असे त्यावरून ठरले.

यात पहिल्या संशोधिकेस उणेपणा आला असे कोणी समजू नये. तिने प्रश्न विचारला म्हणूनच तो पुढे नीट तपासला गेला. विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा धडा असा की, कोणत्याही परीक्षेत तुलनेसाठी ठेवलेला गट हाच खरा साक्षीदार असतो. ‘औषधाने गुण आला’ असे म्हणण्यापूर्वी ज्या अनुपानातून औषध दिले त्याचा गुण किती, हे पाहावे लागते. तसेच हे आहे.

४. कल्ले, आतडे आणि अशुद्धी

मग कार्बन सर्वथा निर्दोष ठरला काय? तसेही नाही. इंग्लंडमधील प्लिमथ येथे स्मिथ, शॉ व हँडी यांनी २००७ साली इंद्रधनुषी ट्राउट माशांना एकभिंती नलिकांच्या पाण्यात दहा दिवसांपर्यंत ठेवले. प्रमाण लिटरमागे ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम होते. नलिका पाण्यात पसराव्यात म्हणून साबणासारखे एक द्रव्य वापरले होते, आणि केवळ त्या द्रव्यातील माशांचा गटही तुलनेसाठी वेगळा ठेवला होता. नलिकांच्या पाण्यातील माशांचा श्वासोच्छ्वास प्रमाणानुसार जलद झाला. त्यांच्या कल्ल्यांवर श्लेष्म साचला, त्यात नलिकांचे पुंजके अडकले, आणि कल्ल्यांच्या नाजूक पटलांवर सूज आली. मासा प्राणवायू घेतो तो कल्ल्यांच्या द्वारे. धुळीच्या वाऱ्यात माणसाचा जीव घुसमटतो, त्यासारखीच ही अवस्था होय. ती विषामुळे आली असे नव्हे. कणांच्या निव्वळ अडथळ्यानेही ती येऊ शकते.

पाणपिसू हा डबक्यात राहणारा, टाचणीच्या डोक्याएवढा कवचधारी जीव आहे. तो पाणी गाळून त्यातील शैवल खातो. जो पाणी गाळतो त्याच्या पोटात पाण्यातील सर्व काही जाते. २००७ साली अमेरिकेत रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी मेदाचा लेप दिलेल्या नलिका पाणपिसवांच्या पाण्यात सोडल्या. पाणपिसवांनी नलिका गिळल्या, लेप अन्न म्हणून पचवला, आणि उघड्या झालेल्या नलिकांच्या गुठळ्या होऊन त्या तळाशी बसल्या. म्हणजे पदार्थाने जीवावर परिणाम केला, तसाच जीवानेही पदार्थाचे रूप पालटले. पुढे २००९ साली पीटरसन व सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी कार्बनची खूण केलेल्या नलिका वापरून त्यांचा माग काढला. पाणपिसवांचे आतडे नलिकांनी भरून गेले, आणि नुसत्या स्वच्छ पाण्यात ठेवल्याने ते रिकामे होईना. शैवलाचे अन्न मिळाले तेव्हा कोठे बराच भाग बाहेर पडला. ज्या तळ्यात अन्नाचा तुटवडा आहे तेथील जीवांस हा भार अधिक जाचेल, असे अनुमान यावरून काढता येते.

आणखी एक बाब अशुद्धीची. २००६ साली दक्षिण कॅरोलायना येथे टेम्पलटन व सहकाऱ्यांनी समुद्रकाठच्या गाळात राहणाऱ्या, कोपेपॉड गटातील सूक्ष्म कवचधारी जीवांना दोन प्रकारच्या नलिका दिल्या. जशाच्या तशा, म्हणजे निर्मितीच्या वेळचे उपपदार्थ असलेल्या नलिकांनी मोठ्या मात्रेत मृत्यू वाढले. शुद्ध केलेल्या नलिकांनी लक्षणीय परिणाम झाला नाही. नलिका तयार करताना लोह, निकेल, कोबाल्ट यांसारखे धातू उत्प्रेरक म्हणून वापरतात. त्यांचे अंशही मागे राहू शकतात. तेव्हा ‘कार्बन नलिका’ असे बाटलीवर लिहिलेले असले, तरी बाटलीत फक्त कार्बनच आहे असे गृहीत धरता येत नाही.

५. मात्रेचा विचार

प्रयोगातील मात्रा आणि नदीतील मात्रा यांची तुलना केल्याशिवाय धोक्याचे माप लागत नाही. नदीच्या पाण्यात अभियंत्यांनी घडवलेल्या कार्बन नलिका किती आहेत हे प्रत्यक्ष मोजणे कठीण असते, कारण काजळीचे कण सर्वत्र आधीपासूनच असतात. म्हणून उत्पादनाच्या अंदाजावरून गणिताने प्रमाण काढतात. युरोप व अमेरिका यांच्या वाहत्या पाण्याकरिता २००९ साली प्रसिद्ध झालेले अंदाज लिटरमागे एका नॅनोग्रॅमच्याही लहान अंशाएवढे होते. ट्राउट माशांना दिलेली सर्वांत कमी मात्रा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे एक लाख नॅनोग्रॅम होती. प्रयोगातील मात्रा ही अंदाजित मात्रेच्या लाखाहून अधिक पट होती, हा त्याचा अर्थ.

हे वाचून कोणी निश्चिंत होईल, तर त्याने तीन गोष्टी विचारात घ्याव्यात. पहिली, नलिकांची कार्बनी जाळी बळकट असल्याने ती सावकाश मोडते. जे मोडत नाही ते साचते. दुसरी, साचण्याची जागा गाळ आहे, आणि गाळातील मात्रा वरच्या पाण्यापेक्षा पुष्कळच अधिक असते. गाळातच अळ्या, कृमी व शिंपले राहतात, आणि त्यांवर मासे व पक्षी जगतात. तिसरी, कार्बनच्या विस्तीर्ण पृष्ठावर कीटकनाशके व तेलातील विषारी द्रव्ये चिकटतात. काही वेळा चिकटलेले विष जीवांना मिळत नाही आणि त्यांचे रक्षण होते; काही वेळा कणाबरोबर ते पोटात जाते. कोणते घडेल हे पाणी, गाळ व जीव यांवर अवलंबून असते.

घग्गरसारख्या वाटेत संपणाऱ्या नदीच्या बाबतीत, तसेच सुखनासारख्या गाळ धरणाऱ्या सरोवराच्या बाबतीत, या तीन गोष्टींचे महत्त्व अधिक आहे. २०२० साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना सरोवर ही जिवंत व्यक्ती असल्याचे मानले. कायद्याच्या दृष्टीने त्या निर्णयाचे मोल काहीही असो. शास्त्राच्या दृष्टीने सरोवर हे असंख्य जीवांचे घर आहे, एवढे तर खरेच आहे.

६. कर्तव्य काय?

दोन चुका टाळावयाच्या आहेत. निर्दोष पदार्थास अपुऱ्या परीक्षेवरून दोषी ठरवले, तर दूषित पाणी पिणाऱ्या माणसांना उपयुक्त गाळणीस मुकावे लागेल. उलट, दोषी पदार्थास निर्दोष म्हणून सोडले, तर कित्येक वर्षांनी गाळ तपासताना पश्चात्ताप करावा लागेल, आणि गाळात मिसळलेला अब्जांश कण परत वेचून घेता येत नाही. दोन्ही चुकांवर उपाय एकच: परीक्षा नीट करणे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या परीक्षापद्धतींत माशांसाठी ९६ तासांची, पाणपिसवांसाठी ४८ तासांची व शैवलासाठी ७२ तासांची परीक्षा सांगितली आहे. नॅनो पदार्थांच्या जलीय परीक्षेसाठी विशेष मार्गदर्शनही २०२० साली तयार झाले. मात्र चार दिवसांची परीक्षा चार पिढ्यांविषयी बोलू शकत नाही. म्हणून गाळातील व दीर्घ मुदतीच्या परीक्षांची जोड तिला आवश्यक आहे.

परीक्षा चालू असताना सावधगिरी सोडू नये. प्रयोगशाळेतील नलिकांचे पाणी मोरीत ओतू नये. ते वेगळे साठवून नष्ट करावे. गाळणीत कार्बन असेल, तर तो घट्ट बांधलेला असावा. राळेत पक्क्या बसवलेल्या नलिका सहज सुटत नाहीत. सुटी पूड मात्र सहज उडते व वाहते. निकामी घटमाला व संगणक उघड्यावर फोडू अगर जाळू नयेत. अशा कचऱ्याच्या व्यवस्थेचे नवे नियम आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले आहेत. ते कागदावर न राहता पाळले जातील, तर ओढ्याचा पुष्कळसा भार आपोआप हलका होईल.

सुखनाच्या काठी उभे राहून पाहिले तर पाणी स्वच्छ दिसेल. अब्जांश कण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पाणपिसूची तक्रार कोणास ऐकू येत नाही. जे दिसत नाही त्याचे माप घेणे आणि जे बोलू शकत नाहीत त्यांच्या वतीने प्रश्न विचारणे, हे शास्त्राचे काम आहे. ते करताना भीती आणि भाबडेपणा या दोहोंपासून दूर राहावे, एवढेच या पाठाचे सांगणे आहे.

स्वाध्याय

१. काजळीच्या प्रयोगात डिंकाने जे काम केले, ते नदीत कोणती द्रव्ये करतात?

२. हेन्री यांच्या प्रयोगात तिसरा गट ठेवला नसता, तर कोणता चुकीचा निष्कर्ष निघाला असता?

३. एक सेंटीमीटर बाजूच्या घनाचे एक मिलिमीटर बाजूचे तुकडे केल्यास एकूण पृष्ठफळ किती होईल?

४. आपल्या गावातील ओढा अगर नदी कोठे जाऊन मिळते ते शोधून काढा, आणि तिच्यातील गाळ कोणकोणत्या ठिकाणी साचतो त्याचा नकाशा तयार करा.